सूप

ओरोसच्या दवाखान्यातून सुटताना
नर्सने कागदावर लिहून दिलं :
सकाळ-संध्याकाळ सूप.
आमच्याकडे सूप
दारामागे खुंटीला टांगलेलं असतं,
तांदूळ पाखडून झाले की पुन्हा तिथेच.
मी कागद दोनदा वाचला.
हिरावती रिक्षात पोटाशी उशी धरून हसली
आणि टाके ओढले म्हणून
माझ्यावरच रागावली.
तिच्या पिशवीत एक बाटली होती,
बाटलीत पित्ताशयातले अकरा खडे,
डॉक्टरांनी मोजून दिलेले.

पंधरा दिवस तेल नाही, मासळी नाही, नारळ नाही.
नारळ नाही म्हणजे जेवण कसं करायचं
हे सात माडांच्या मालकाने
कुणाला विचारावं?

कोबी घाटावरून येतो.
फोंडाघाट उतरून, टेम्पोत,
रात्रभर एकमेकांवर डोकी आपटत.
जामसंड्याच्या बाजारात त्याच्यासमोर उभा राहिलो,
चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस,
आणि ताजा कुठला ते कळेना.
याला कल्ले नाहीत उचलून बघायला,
डोळा नाही,
बोट दाबावं तर खड्डा पडत नाही.
भाजीवाली म्हणाली, कानाशी धरा आणि दाबा,
करकरला तर घ्या.
धरला. करकरला,
कोरड्या दोरखंडावर ताण येतो तसा.
एवढी भाषा मला येते.

रात्री कुळीथ भिजत घातले.
सकाळी शिजवून, डावेने ठेचून, पाण्यासकट ठेवले.
हे कागदावर नव्हतं,
पण नुसत्या पाल्याच्या पाण्यावर
उठून बसेल अशी माझी बायको नाही.

विळीवर बसलो तशी मांजरी आली,
शेपटी उभी, हक्काने.
पहिलं पान सोडवून तिच्यापुढे ठेवलं.
तिने हुंगलं,
आणि माझ्याकडे अशी बघितली
की बंदरावरची सगळी अब्रू गेली.

आतल्या खोलीतून, न बघता, नुसत्या आवाजावर :
"कोबी चिरतास काय होडी फोडतास?"
मग बारीक. अजून बारीक.
"दांडो टाकू नकात, गोडी थंयच आसता."
लसूण चार पाकळ्या, एक गाजर,
पोफळीवर चढलेल्या वेलाची मिरी.
आमसुलं दोन, शेवटी.
मीठ मी विसरलो नाही.
मिठाच्या बाबतीत आम्ही चुकत नाही.

फोडणी नसली की
स्वयंपाकघरात आवाजच होत नाही,
हे बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळलं.
नुसती एक पुटपुट झाकणाखाली,
कुणी देवळाच्या कोपऱ्यात
एकट्यानेच गाऱ्हाणं घालावं तशी.
वास मात्र सुटला.
कुंपणापलीकडून शालन कुबल ओरडली,
"काय गे, कापडा उकळतंस?"

हिरावती भिंतीला टेकून बसली.
वाटी दोन्ही हातांत, वाफ चष्म्यावर.
एक घोट. दुसरा.
मी जाळं विणायची सुई उगाच
या हातातून त्या हातात करत राहिलो.
ती काही बोलली नाही.
वाटी संपली, तरी बोलली नाही.

मग ओठांतून काहीतरी काढलं,
पदराला पुसलं,
माझ्या तळव्यावर ठेवलं.
मोहरीएवढा खडा.
"अकरा काढल्यानी.
तुमी बारावो घातलास."

मी तो बाटलीत टाकला.
टिण् वाजला.
खाली धक्क्यावर बर्फ फोडायला सुरुवात झाली होती,
आमची होडी आज दुसऱ्या कुणाच्या हाताने
आत येत होती.
ती म्हणाली, "दारामागचा सूप हाडा हंय.
पाखडूचंय नाय, नुसतो बघतंय."

मी सूप तिच्या मांडीवर ठेवलं,
त्यात उद्याचे कुळीथ, मूठभर.
अर्धा कोबी उरला होता.
ओल्या फडक्यात गुंडाळला, माठाच्या सावलीला ठेवला,
आणि मांजरीला सांगितलं,
याला तोंड लावू नकोस.
तिने मान वळवली.